एका तोळ्याला तीनशे पंचावन्न टन ऊस

२०२५ च्या धनत्रयोदशीला २४ कॅरेट सोन्याचा भाव दहा ग्रॅमला १ लाख ३० हजारांच्या घरात होता. बीड, माजलगाव, अंबाजोगाई, परळी, कुठल्याही पेढीवर उभं राहिलं की एक वाक्य ठरलेलं: "तवाच घेऊन ठेवायला पाहिजे होतं." हे 'तवा' म्हणजे नेमकं कधी, ते बोलणाऱ्याच्या वयावर ठरतं. कुणाला लग्नातला भाव आठवतो, कुणाला मुलीच्या बारशाचा, कुणाला कोविडच्या आधीचा. सोन्याच्या जोडीला जमिनीचीही हळहळ असते. धुळे-सोलापूर महामार्गालगतचा गुंठा, बायपासजवळचा प्लॉट, स्टेशन होणार म्हणून ऐकलेली आणि सोडून दिलेली वावरं. प्रत्येक घरात अशी एक तरी न झालेली खरेदी असते आणि दरवर्षी तिची किंमत वाढत जाते.

ही हळहळ नीट आकड्यांत मांडून बघायला हवी. कारण पूर्ण गणित केलं की नुकसान भलतीकडेच निघतं.

आधी सोनं. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. आता सराफाकडे तोळा म्हटलं की दहा ग्रॅमच धरतात, म्हणून इथेही तेच माप घेऊ. देशातल्या वार्षिक सरासरी भावांचा जो तक्ता नेहमी दाखवला जातो, त्यात १९६४ ला दहा ग्रॅमला ६३ रुपये २५ पैसे आहेत. १९७२ ला २०२ रुपये, १९८० ला १,३३०, १९९० ला ३,२००, २००० ला ४,४००, २०१५ ला २६,३४३ आणि २०२० ला ४८,६५१. तिथून १ लाख ३० हजार. म्हणजे १९६४ पासून २,०५५ पट.

दोन हजार पट म्हटलं की डोळे विस्फारतात. पण एकाला दोनाने अकरा वेळा गुणत गेलं की २,०४८ येतात. ६१ वर्षांत सोनं अकरा वेळा दुप्पट झालं, साधारण साडेपाच वर्षांतून एकदा. चक्रवाढीने हा दर सालाला सव्वातेरा टक्क्यांच्या आसपास पडतो. आकडा अवाढव्य दिसतो त्याचं बरंचसं श्रेय ६१ वर्षांना आहे. आणि ६१ वर्षं हळहळताना एका क्षणात ओलांडता येतात, जगताना येत नाहीत.

वाटही सरळ चढणीची नव्हती. १९९६ ला सोनं ५,१६० रुपये होतं आणि २००१ ला ४,३००. ज्याने १९९६ ला घेतलं, तो पाच वर्षांनी तोट्यात होता, तेही महागाई न धरता. २०१२ ला ३१,०५० ने घेणाऱ्याला २०१५ ला २६,३४३ दिसत होते. त्या वर्षांत "घेतलं असतं तर" म्हणणारे नव्हते. "कशाला घेतलं" म्हणणारे होते. त्यांचं बोलणं कुणाच्या लक्षात राहिलं नाही, कारण पुढे भाव चढला. पश्चात्तापाची आठवण अशी निवडक असते.

पण गणितातली खरी चूक दुसरीकडेच आहे. आपण जुना भाव घेतो आणि खिसा मात्र आजचा लावतो. ६३ रुपयांचा तोळा आजच्या पगारदाराला फुकट वाटतो. तेव्हाच्या माणसाच्या हातात किती येत होतं, हे कुणी विचारत नाही. म्हणून भाव रुपयांत मोजायचं सोडून मजुरीच्या दिवसांत मोजू. बीडसारख्या जिल्ह्याला हेच माप लागू पडतं.

१९७२ चा दुष्काळ घ्या. खडी फोडायला, नाला बांधाला, पाझर तलावाच्या कामाला माणसं जात होती. गड्याला दिवसाचे तीनेक रुपये पडत, बाईला त्याहून कमी. अमेरिकेतून आलेला मिलो आणि सुकडी खाऊन लोक दिवस काढत होते. त्या मजुरीने २०२ रुपयांचा तोळा म्हणजे ६७ दिवसांचं काम. अर्थात एक पैसाही पोटात न घालता. आज जे म्हणतात की बहात्तरला दोनशे रुपये तोळा होता, त्यांच्या आजोबांना त्या दोनशे रुपयांत तोळा दिसत नव्हता, घरातल्यांची दोन महिन्यांची ज्वारी दिसत होती. त्यांनी संधी सोडली असं म्हणायला जीभ धजावत नाही.

आता पुढे येऊ. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर २०११ ला १२७ रुपये होता आणि त्या वर्षीचं सोनं २६,४००. तोळ्याला २०८ दिवस. २०१५ ला दर १८१, सोनं २६,३४३. तोळ्याला १४६ दिवस. २०२० ला दर २३८, सोनं ४८,६५१. तोळ्याला २०४ दिवस. २०२५ च्या दिवाळीला दर ३१२, सोनं १ लाख ३० हजार. तोळ्याला ४१७ दिवस. कायद्याने त्या वर्षी एका कुटुंबाला १०० दिवसांच्या कामाची हमी होती. म्हणजे हमीचे सगळे दिवस भरले आणि त्यातला एक रुपयाही खर्च केला नाही, तरी तोळ्याला चार वर्षांहून जास्त लागली असती.

या ओळीत २०१५ कडे पुन्हा बघा. मजुरीच्या हिशेबात या चार वर्षांपैकी सोनं सगळ्यात स्वस्त तेव्हाच होतं. आणि ते साल बीडकरांना वेगळं सांगायला नको. लागोपाठच्या दुष्काळाचं साल. पाठोपाठ एप्रिल २०१६ ला शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. बीडमध्ये जनावरं छावणीला होती, बोअर आटले होते, टँकरची वाट बघत हंडे रांगेला लागले होते. त्या वर्षी सोनं घ्यायला कुणी पेढीची पायरी चढत नव्हतं. जे चढले ते बहुतेक गळ्यातलं मोडायला किंवा गहाण ठेवायला. सोनं जेव्हा हाताच्या टप्प्यात होतं, नेमका तेव्हाच हात रिकामा होता. याला योगायोग म्हणता येणार नाही. वस्तू स्वस्त असण्याची आणि माणूस अडचणीत असण्याची वेळ अनेकदा एकच असते. स्वस्ताईचा फायदा मिळतो तो ज्याचं उत्पन्न पावसावर नाही त्याला.

याहून बीडचं असं माप म्हणजे ऊस. जिल्ह्यातून लाखो माणसं दसरा-दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. २०२० च्या करारात १४ टक्के वाढ मिळून तोडणीचा दर टनाला सुमारे २७३ रुपये झाला. जानेवारी २०२४ ला ३४ टक्के वाढ ठरली आणि दर ३६६ वर गेला. वाढ लहान नव्हती आणि त्यासाठी संप करावा लागला होता. आता हाच दर सोन्याशेजारी ठेवू.

२०२० च्या सरासरी भावाने एका तोळ्याला १७८ टन ऊस तोडावा लागत होता. जानेवारी २०२४ ला, वाढीव दर आणि ६३ हजारांच्या आसपासचा भाव धरला, तर १७२ टन. म्हणजे चार वर्षांत मजूर सोन्याच्या बरोबरीने चालला होता, उलट थोडा पुढेच गेला होता. मग पावणेदोन वर्षांत सोनं दुपटीहून वर गेलं, दर तिथेच राहिला. २०२५ च्या दिवाळीला तोळ्याला ३५५ टन.

३५५ टन म्हणजे किती? वाढं छाटून बांधलेली मोळी वीस-पंचवीस किलोची असते. पंचवीसचीच धरली तरी १४,२०० मोळ्या. प्रत्येक मोळी आधी बुडातून तोडायची, बांधायची, डोक्यावर घ्यायची आणि फळी चढून ट्रॉलीत रचायची. रात्री गाडी भरायला आली तर रात्री. एका कोयत्याने दिवसाला दोन टन ऊस तोडला, तर १७८ दिवस. हंगाम चांगला चालला तरी पाच महिन्यांचा, आणि अलीकडे पुष्कळदा त्याच्या आतच पट्टा पडतो, म्हणजे कारखाना बंद होतो. म्हणजे दोन माणसांचा अख्खा हंगाम एका तोळ्याला पुरत नाही. शिवाय हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल त्याच कामातून फेडायची असते. धनत्रयोदशीच्या तोंडावर मजुराच्या हातात जो पैसा असतो तो मुळात कर्जाचा असतो. त्याने त्यातून तोळा घेतला नाही, याला चूक कसं म्हणायचं?

अशी हळहळ गरिबाच्याच वाट्याला येते असं नाही. ज्यांना परवडत होतं, त्यांच्याही गोष्टी आहेत आणि त्यांचे आकडे सोन्याला मागे टाकतात. त्यातली महाराष्ट्रातली सगळ्यात मोठी गोष्ट जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरची.

डिसेंबर १९४५ ला महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी काढली. कारखाना अमळनेरला, माल वनस्पती तूप. १९६६ ला वडील वारले आणि २१ वर्षांचे अझीम प्रेमजी कारभार बघू लागले. हीच पुढची विप्रो. अमळनेरच्या अनेक कुटुंबांनी त्या काळी शेअर घेतले आणि पिढ्यान्‌पिढ्या ठेवले. आपल्या गावचा कारखाना एवढाच त्यांचा हिशेब होता.

१९८० ला दर्शनी १०० रुपयांचे १०० शेअर कुणाकडे होते असं धरू. दर्शनी किमतीने दहा हजार रुपये. त्यावर बोनस मिळत गेले, मधे दोनदा शेअरचं विभाजन झालं. १९८५ ला ४०० शेअर. १९८७ ला ८ हजार. १९९५ ला ६४ हजार. १९९९ ला ९ लाख ६० हजार. २०१० ला ९६ लाख. २०१७ ला १ कोटी ९२ लाख. २०१९ ला २ कोटी ५६ लाख. डिसेंबर २०२४ चा बोनस धरून ५ कोटी १२ लाख. एका शेअरला २५० रुपये धरले तर १,२८० कोटी.

हा आकडा मनात मावत नाही. सेकंदाला एक रुपया या वेगाने, न झोपता न थांबता मोजत बसलं तर १,२८० कोटी मोजायला ४०५ वर्षं लागतात. ही मोजणी २०२५ ला संपायची असेल तर ती १६२० ला सुरू व्हायला हवी होती. तेव्हा मलिक अंबर निजामशाहीचा कारभार बघत होता आणि शिवाजी महाराजांचा जन्म व्हायला दहा वर्षं होती. त्याच दहा हजारांचं १९८० ला साडेसात तोळे सोनं आलं असतं. २०२५ च्या दिवाळीच्या भावाने त्याचे पावणेदहा लाख झाले असते.

मग अमळनेरला १९८० ला गेलो असतो तर? इथेच थांबून विचार करायला हवा. घेणं हा एका दिवसाचा निर्णय. ठेवणं हा ४५ वर्षांचा, सोळा हजारांहून जास्त दिवसांचा. १९८७ ला ८ हजार शेअर हातात असताना मुलीचं लग्न निघालं, १९९५ ला ६४ हजार असताना घर बांधायला काढलं, २००१ ला संगणक कंपन्यांचे भाव धडाधड कोसळत असताना सगळे "विका" म्हणत होते. या प्रत्येक वळणावर न विकलेल्यालाच १,२८० कोटी दिसतात. ज्याने मधे विकून मुलगा इंजिनिअर केला, त्याने काही गमावलं असं मला वाटत नाही. आपण हळहळतो तेव्हा फक्त पहिला दिवस मोजतो, मधले सोळा हजार मोजत नाही.

जगातलं याहून मोठं उदाहरण रोनाल्ड वेन यांचं. एप्रिल १९७६ ला ॲपल कंपनी सुरू झाली तेव्हा त्यांचा दहा टक्के वाटा होता. बारा दिवसांत त्यांनी तो ८०० डॉलरला सोडला. ॲपलचं बाजारमूल्य पुढे तीन लाख कोटी डॉलरवर गेलं. नंतर नवे भागीदार येऊन तो वाटा पातळ झाला असता, हे बाजूला ठेवून कागदावर दहा टक्के धरले तर २६ लाख कोटी रुपयांहून जास्त होतात. महाराष्ट्र सरकारचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक साधारण सात लाख कोटींचं. म्हणजे राज्याचा पावणेचार वर्षांचा खर्च. पण वेन यांचं कारण साधं होतं. धंदा बुडाला असता तर वसुली त्यांच्या घरादारावर आली असती, कारण इतर दोन भागीदारांकडे जप्त करण्यासारखं काही नव्हतं. त्या दिवशी हाताशी असलेल्या माहितीवर तो निर्णय शहाणपणाचा होता.

आणि ज्यांनी संधी सोडली नाही, त्यांचं काय? बीडला हे कुणी शिकवायला नको. ज्ञानराधा मल्टिस्टेट याच शहरातून वाढली. शाखा पसरल्या, ठेवीवर बँकेपेक्षा चढं व्याज मिळू लागलं. शेजाऱ्याचे पैसे वाढताना बघून "आपणच मागे राहिलो" म्हणत लोकांनी जमीन विकल्याचे, निवृत्तीचे, मुलीच्या लग्नाचे पैसे ठेवले. २०२३ च्या अखेरीस पैसे निघणं बंद झालं. गुन्हे नोंदले गेले, सक्तवसुली संचालनालयाने मालमत्ता जप्त केल्या, ठेवीदार मोर्चे काढत राहिले. प्रकरण न्यायालयात आहे, दोष कुणाचा ते तिथे ठरेल. पण २०२२ ला जो "संधी हुकली" म्हणून चुकचुकत होता, तो २०२४ ला देवाचे आभार मानत होता. वर गेलेल्या भावांच्या कहाण्या घरोघर सांगितल्या जातात, बुडालेल्या ठेवींच्या माना खाली घालून गिळल्या जातात. म्हणून हुकलेल्या संधींची यादी नेहमी सोन्यासारखी चकाकते.

इतकं सगळं बघितल्यावर हळहळ करूच नये असं म्हणायचं का? नाही. एक खरेदी अशी आहे जिची हळहळ बीडने मनापासून करावी आणि विसरू नये. ती म्हणजे रेल्वे.

अहमदनगर (आताचं अहिल्यानगर)-बीड-परळी मार्ग, २६१ किलोमीटर. केशरकाकू क्षीरसागर यांनी ज्याची मागणी लावून धरली, गोपीनाथ मुंडे यांनी ज्याचं स्वप्न सांगितलं, तो. १९९५ ला मंजूर झाला तेव्हा खर्च ३५३ कोटी होता, किलोमीटरला सुमारे १ कोटी ३५ लाख. काम रखडत गेलं. २३ सप्टेंबर २०२२ ला नगरहून आष्टीपर्यंत गाडी आली. १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडला आली. तोवर खर्च ४,८०५ कोटींवर गेला होता, किलोमीटरला १८ कोटींहून जास्त. फरक ४,४५२ कोटींचा. तीस वर्षांवर वाटला तर सालाला १४८ कोटी आणि दिवसाला चाळीस लाख रुपये. उशिराचा प्रत्येक दिवस, सुट्टीचासुद्धा, चाळीस लाखांचा.

आता सोन्याचं माप इथे लावू, कारण निकाल चकित करणारा आहे. १९९५ ला तोळा ४,६८० रुपये होता. त्या वेळच्या ३५३ कोटींत साडेसात टन सोनं आलं असतं. २०२५ च्या ४,८०५ कोटींत ३.७ टन येतं. म्हणजे सोन्यात मोजली तर रेल्वे निम्म्याने स्वस्त झाली! ३५३ कोटींचं सोनं घेऊन तिजोरीत ठेवलं असतं तर २०२५ च्या दिवाळीला त्याचे ९,८०० कोटी झाले असते. त्यातून रेल्वेही झाली असती आणि निम्मे पैसे उरले असते.

मग थांबणं शहाणपणाचं होतं का? मुळीच नाही. कारण तिजोरीतलं सोनं तीस वर्षं कुणाला पुण्याच्या दवाखान्यात नेत नाही. ते कापूस-सोयाबीन बाजाराला पोचवत नाही, कारखाना आणत नाही, परीक्षेला निघालेल्या पोराचं एसटीचं भाडं वाचवत नाही. १९९५ ला जन्मलेलं मूल बीडच्या स्टेशनात पहिली गाडी येताना तीस वर्षांचं झालं होतं. त्याचं शिक्षण, पहिली नोकरी, बहुधा लग्नसुद्धा गाडीवाचून झालं. ही वर्षं ४,८०५ कोटींत मिळत नाहीत, चाळीस हजार कोटींतही मिळणार नाहीत. भावाचा तोटा पुढे भरून निघू शकतो, वापराचा निघत नाही. हळहळीच्या सगळ्या हिशेबाचं सार मला यात दिसतं. ज्या वस्तूची फक्त किंमत वाढते, ती हुकली तर हुकू द्यावी. जी वस्तू रोज उपयोगी पडते, तिची एक दिवसाची दिरंगाईही जिवाला लागली पाहिजे.

बीडच्या पूर्वजांना हे कळत होतं. शहराजवळची खजाना विहीर १५८२ च्या सुमाराची, निजामशाहीतल्या सलाबतखानाच्या काळातली. बांधायला आलेला खर्च तेव्हा सोन्यात ठेवला असता तर आज केवढे पैसे झाले असते, असा प्रश्न कुणाच्या मनात येत नाही. कारण विहिरीचं पाणी चार शतकं उताराने वाहत रानं भिजवत आलं आहे.

याच कसोटीवर आजचे निर्णय बघायला हवेत. बीडहून पुढे परळीपर्यंतचा रेल्वेचा राहिलेला तुकडा पहिला. दुसरा निर्णय ऊसतोड मजुरांच्या मुलांचा. आईबाप फडावर निघाले की पोरंही निघतात आणि शाळेचं अर्धं वर्ष उसाच्या पाचटात जातं. या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने ८२ शासकीय वसतिगृहांची योजना राज्याने आखली आहे. ती पूर्ण ताकदीने चालवायला लागणारा पैसा उद्या आजच्यापेक्षा जास्त लागेल, हे कारण दुय्यम आहे. मुख्य कारण वेगळं आहे. जो तोळा २०२५ च्या दिवाळीला ३५५ टनांना पडला तो पुढे महाग होईल किंवा स्वस्त, पण पेढीवर मिळेल. आठव्या वर्षी हुकलेली तिसरी पंधराव्या वर्षी कुठल्याही भावाने विकत मिळत नाही. हळहळायचंच असेल तर याच्यासाठी, आणि तेही वेळ असतानाच.